मधला तास: रोज ये-जा करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या कॉलेजला वसतिगृह नाही. शेवटचा तास सुटला की अर्ध्या तासात इमारत ओस पडते. संध्याकाळी सहानंतर चक्कर मारली तर दिवे चालू असतात, माणसं नसतात. सगळेच विद्यार्थी घरून ये-जा करणारे, म्हणून कागदोपत्री सगळे सारखेच. प्रत्यक्षात पंधरा मिनिटांवर राहणारा मुलगा आणि पावणेदोन तासांवरून येणारी मुलगी यांची कॉलेजं वेगवेगळी असतात. पहिला विसरलेली वही आणायला घरी जाऊन परत येऊ शकतो. दुसरीला गाडीच्या वेळा तोंडपाठ असतात आणि वर्गातल्या निम्म्या मुलांची नावं माहीत नसतात.

हे प्रकरण दुसरीचं आहे. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव देत नाही. विज्ञान शाखा, पहिलं वर्ष, कॉलेजची पायरी चढणारी घरातली पहिलीच. मी तिची विद्यार्थी-मार्गदर्शक होते, म्हणजे शिकवण्याशिवाय आणखी तीस जणांची फाईल माझ्याकडे होती, त्यातली एक तिची.

प्रवासाचा हिशेब आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत १०० मिनिटं: बस ३५ मिनिटं, बहुधा उभ्यानं, रेल्वेगाडी ५० मिनिटं, उरलेली १५ चालण्यात आणि वाट बघण्यात. जाऊन-येऊन रोज ३ तास २० मिनिटं. पाच दिवसांचे १६ तास ४० मिनिटं. पंधरा आठवड्यांच्या सत्रात २५० तास. हा आकडा मी तिच्यासमोर मांडला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, एवढ्यात तर अख्खा विषय शिकून झाला असता."

अडचण

प्रकरण माझ्याकडे आलं ते हजेरीपटातून. सकाळच्या कॅल्क्युलसच्या, म्हणजे गणितातल्या एका विषयाच्या, तासाला आठवड्यातून एक-दोनदा गैरहजेरी, आणि पुढे शिक्षकांचा शेरा: "विषयात रस दिसत नाही." सत्राच्या शेवटी ती त्याच विषयात नापास झाली. बाकीचे विषय कसेबसे सुटले.

पहिल्या भेटीत मी शेऱ्यावर विश्वास ठेवूनच बसले होते. "लवकर निघत जा," असं सांगायची तयारीही होती. बोलता बोलता वेगळंच निघालं. बस पाच मिनिटं उशिरा आली की नेहमीची गाडी चुकते, पुढची २५ मिनिटांनी. म्हणजे पाच मिनिटांचा उशीर वर्गाच्या दारात पोचेपर्यंत अर्ध्या तासाचा झालेला असतो. शिक्षक दहा मिनिटांनंतर दार लावून घेत. मग ती ग्रंथालयात बसून पुढच्या तासाची वाट बघायची. गैरहजेरीच्या बहुतेक दिवशी ही मुलगी त्याच इमारतीत, एक मजला खाली बसलेली होती.

दुसरी गोष्ट कळायला आणखी दोन भेटी लागल्या, कारण ती तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. वर्गाचा फोनवरचा ग्रुप पहिल्याच आठवड्यात, स्वागताचा कार्यक्रम संपल्यावर रेंगाळलेल्या मुलांनी केला. ती त्या दिवशी गाडीसाठी कार्यक्रम अर्धा सोडून निघाली होती. ग्रुपमध्ये तिचा नंबर दोन महिन्यांनी आला. तोवर चाचणीची बदललेली तारीख, सीनियर मुलांकडून आलेले जुने प्रश्नसंच, "हा धडा सरांनी गाळलाय" यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. गटाच्या प्रकल्पाचंही तेच. बाकीचे चौघे संध्याकाळी पाचनंतर भेटायचे. तिच्या वाट्याला काय आलं हे तिच्याच शब्दांत: "मला टायपिंग दिलं मॅडम, कारण त्याला भेटावं लागत नाही."

आणि मग तिनं सहज बोलावं तसं एक वाक्य टाकलं: "मी कॉलेजात येते आणि जाते. शिकते घरी."

अभ्यासाची अडचण आणि मैत्रीची अडचण या दोन वेगळ्या फायली आहेत असं आपण धरून चालतो. एक शिक्षकाकडे, दुसरी समुपदेशकाकडे. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात यावर अमेरिकी संशोधक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५मध्ये मांडणी केली तेव्हा शैक्षणिक आणि सामाजिक, अशी दोन्ही अंगांनी संस्थेशी जुळणं महत्त्वाचं मानलं होतं. पुढे १९९७मध्ये त्यांनीच वर्गखोलीवर बोट ठेवलं: जे फक्त तासांपुरते येतात, त्यांच्यासाठी माणसं भेटण्याची जागा बहुधा वर्ग हीच असते. मला हे वाचून माहीत होतं. समोर बसलेल्या मुलीच्या बाबतीत ते लागू आहे, हे लक्षात यायला मात्र एक सत्र गेलं.

पर्याय

पहिल्या सत्राच्या शेवटी आम्ही दोघींनी बसून जे जे शक्य होतं ते लिहून काढलं.

कॉलेजजवळ खोली घेणं हा पर्याय तिनं मी उच्चारायच्या आतच खोडला. खर्च झेपणार नव्हता, आणि आजीचं दुखणं-खुपणं बघायला घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं.

एक विषय कमी घेऊन भार हलका करायचा, तर अभ्यासक्रम लांबणार. घरातली पहिलीच शिकणारी मुलगी "एक वर्ष जास्त लागेल" हे घरी कसं सांगणार? तेही बाजूला ठेवलं.

तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून घरीच अभ्यास करावा, असं एका सहकाऱ्यांनी सुचवलं. त्यानं धडा मिळाला असता, पण वर्गातून ती आणखीच दिसेनाशी झाली असती.

एखाद्या मंडळात सामील हो, हा आम्हा मार्गदर्शकांचा आवडता सल्ला. मीही तो दिला. नाट्यमंडळ, विज्ञानमंडळ, वाचनमंडळ, सगळ्यांच्या बैठका तास संपल्यावर. संध्याकाळी थांबू न शकणाऱ्या मुलीला एकटेपणावर उपाय म्हणून संध्याकाळी थांबायला सांगत होतो.

उरला तीन दिवसांच्या वेळापत्रकाचा पर्याय. आमच्याकडे बहुतेक विषयांच्या दोन-तीन तुकड्या वेगवेगळ्या वेळी भरतात आणि विद्यार्थी आपली तुकडी निवडतात. सगळे तास तीन दिवसांत कोंबले तर प्रवास आठवड्याला १० तासांवर येतो. जवळजवळ पावणेसात तास वाचतात. तिला पटलं, घरच्यांना तर फारच पटलं, आणि मी सही केली. हा पहिला निर्णय. तो चुकला.

तीन दिवसांचं सत्र

हजेरी सुधारली. सकाळच्या लवकरच्या तुकड्या टाळल्या होत्या, त्यामुळे गाडीचा प्रश्नच मिटला. महिन्याभरानं हजेरीपट बघून मी तिच्या फाईलवर "सुधारणा" असं लिहिलं आणि फाईल खाली ठेवली.

सत्राच्या मध्यावर ती आणखी एका विषयाच्या चाचणीत नापास झाली.

त्या वेळी मी सल्ला द्यायचा मोह आवरला आणि एकच काम सांगितलं: आठवडाभर दर अर्ध्या तासाला काय केलं ते वहीत लिही, चांगलं दिसावं म्हणून काही बदलू नको. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं. ती चार पानं माझ्यासाठी या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद ठरला.

कॉलेजचे तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग भरलेले. एका तासातून दुसऱ्यात, मध्ये दहा मिनिटं, तीही जिना चढण्यात. तिसऱ्या तासानंतर डोक्यात काही शिरत नाही, असं तिनं दोनदा लिहिलं होतं. घरच्या दिवशी अभ्यासासाठी मिळून १२ तास राखून ठेवले होते. प्रत्यक्ष झाले जेमतेम दोन. बाकीच्या वेळात आजीला दवाखान्यात नेणं, धाकट्या भावाचा अभ्यास, बँकेतलं काम, पाहुणे. कोणी मुद्दाम अडवत नव्हतं. पण मुलगी घरात दिसली की ती मोकळी आहे असंच सगळे धरतात, आणि पुस्तक उघडं असलं तरी "जरा येतेस का?" थांबत नाही. प्रवासातून वाचवलेला वेळ कॉलेजला मिळालाच नाही. तो घरानं घेतला. घराची गरजही खरी होती, त्यामुळे कोणावर रागवण्याचीही सोय नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या पानांत होती, किंवा खरं तर नव्हती. अख्ख्या आठवड्यात वर्गातल्या कोणाशी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलल्याची एकही नोंद नाही. पहिल्या सत्रात निदान दोन तासांच्या मधे कुठेतरी बसणं, कोणीतरी शेजारी येणं एवढं तरी व्हायचं. आम्ही वेळापत्रक घट्ट केलं आणि त्या फटीही बुजवल्या.

काय केलं

तिसऱ्या सत्रासाठी आम्ही उलटं केलं. चार दिवस यायचं, पहिला तास दहाच्या आधी नको, आणि त्यातल्या दोन दिवशी दुपारी मुद्दाम दोन तास मोकळे ठेवायचे. कॅल्क्युलस पुन्हा द्यायचा होता; त्याच्या सराव तासाच्या आधी हे मोकळे तास येतील असं बघितलं.

हे तिच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. "म्हणजे आठवड्याला साडेतीन तास प्रवास वाढवायचा, आणि वर तिथे रिकामं बसायचं?" हिशेब तिचा बरोबर होता, वाढ ३ तास २० मिनिटांची होती. तिच्या आईंशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, "तास नसेल तर पोरीनं घरी यावं, एवढंच आमचं म्हणणं." मी "अभ्यासाचा तास आहे, फक्त शिक्षक नसतात," असं सांगितलं. खोटं नव्हतं. पण तेव्हा तो तास अजून अस्तित्वात आलेला नव्हता, हेही खरं.

कारण नुसता मोकळा वेळ म्हणजे एकट्यानं वाट बघणं. त्या वेळेत माणसं आणावी लागणार होती. मी कार्यालयातून तुकड्यांच्या याद्या घेतल्या आणि त्याच दोन दुपारी कोण कोण मोकळं आहे ते शोधलं. सहा जण सापडले, चार आले, एक दोन आठवड्यांत गळाला. उरले तिघं आणि ती. पैकी दोघं लांबून येणारे. एकमेकांना तोंडओळखीनं सगळेच ओळखत होते; वर्षभर एकाच इमारतीत असून बोलणं झालं नव्हतं.

त्यांना मी एक रिकामी खोली, एक फळा आणि आठवड्याला तीन उदाहरणं दिली. ती उदाहरणं गणिताच्या शिक्षकांनी काढलेली, परीक्षेपेक्षा थोडी अवघड. हे जाणूनबुजून केलं. गणितज्ञ यूरी ट्रेझमन यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅल्क्युलसमध्ये अडकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे बारकाईनं बघितलं. कष्ट कमी पडतात म्हणून मुलं मागे राहतात हे त्यांना पटण्यासारखं दिसलं नाही. अनेक जण भरपूर अभ्यास करत होते, पण एकेकटे. त्यांनी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. गटानं सोडवायला अवघड उदाहरणं दिली, आणि निकाल सुधारले. आमच्याकडे "कच्च्यांचा वर्ग" अशी पाटी लागली असती तर ती दुसऱ्या दिवशी आली नसती, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

दार लावणाऱ्या शिक्षकांशीही मी बोलले. त्यांनी स्पष्ट नकार दिला: एकाला सूट दिली की उद्या अर्धा वर्ग उशिरा येईल. त्यांची बाजू अगदीच चुकीची म्हणवत नाही. तिची तुकडी बदलून आम्ही तो प्रश्न टाळला, सोडवला नाही. प्रकल्पाच्या बैठका कॉलेजच्या वेळेतच घ्याव्यात, अशी विनंती विभागात फिरवली. ती साधारण निम्म्या शिक्षकांनी मानली.

प्रवासाबद्दल आम्ही फार मोठा आव आणला नाही. "प्रवासात वाच" हा सल्ला देणाऱ्यानं ३५ मिनिटं एका हातानं दांडी धरून उभं राहून बघावं. बसमध्ये काहीच करायचं नाही असं ठरलं. जाताना गाडीत बसायला मिळालं तर हाताएवढ्या कागदांवर लिहिलेले प्रश्न काढायचे आणि उत्तर न बघता आठवायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून बघणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. गर्दीत, धक्के खात, आठवणं तरी जमतं. स्वतःच्या आवाजात प्रश्न ध्वनिमुद्रित करून ऐकायची युक्ती तिनं तीन आठवडे केली आणि कंटाळून सोडली. येताना ती झोपायची. त्यात मी ढवळाढवळ केली नाही.

परिणाम

कॅल्क्युलस सुटला. गुण डोळे दिपवणारे नव्हते, पण काठावरचेही नव्हते. मधल्या सत्रात अडकलेला विषयही निघाला. श्रेय मोकळ्या तासांना द्यायचा मोह होतो, पण ती विषय दुसऱ्यांदा शिकत होती आणि शिक्षकही वेगळे होते. या तिन्हींतल्या कशामुळे किती फरक पडला हे एका मुलीवरून सांगता येत नाही.

दुसऱ्या बदलाबद्दल मला जास्त खात्री आहे. माणसांमधल्या संवादाचे अमेरिकी अभ्यासक जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये ओळखीचं मैत्रीत रूपांतर व्हायला किती वेळ लागतो याचा अंदाज मांडला: साधी मैत्री जमायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, पुढच्या पायरीला ९०च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २००हून जास्त. आठवड्याला चार तास म्हणजे सत्रात ६० तास होतात. पण त्यांच्याच मांडणीत एक खोच आहे: नुसतं शेजारी बसून काम केलेले तास मैत्रीच्या हिशेबात तेवढे धरता येत नाहीत. म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी खोलीत डोकावले आणि फळ्यावर उदाहरणाऐवजी कोणाचं तरी वाईट व्यंगचित्र दिसलं, तेव्हा काही न बोलता परत फिरले. ते चित्र माझंच होतं, असा मला दाट संशय आहे.

त्या तिघांतल्या दोघी आता तिच्या मैत्रिणी आहेत. त्यातल्या एकीची गाडी उलट दिशेची. तरी दोघी फलाटावर दहा मिनिटं थांबतात. त्या सत्रात आजीच्या आजारपणामुळे तिचे दोन आठवडे बुडाले. पहिल्या सत्रात हेच झालं असतं तर तिला काय बुडालं हेही कळलं नसतं. या वेळी टिपणांचे फोटो रोज संध्याकाळी तिच्या फोनवर येत होते, तिनं न मागता. मला हे तिनं निकालाच्याही आधी सांगितलं.

जमलं नाही तेही लिहिते. कुठल्याही मंडळात ती गेली नाही, वार्षिक कार्यक्रमाला आली नाही. घरी चौथ्या दिवसावरून कुरबुर होतच राहिली. आणि गळालेल्या त्या पाचव्या मुलाला मी पुन्हा विचारलं नाही. त्याची फाईल माझ्याकडे नव्हती, एवढंच कारण.

आता काय वेगळं करेन

वेळेची वही पहिल्याच भेटीत मागेन. दीड सत्र आम्ही अंदाजावर चाललो आणि चार पानांनी सगळं उलगडलं. प्रवास किती हे मी विचारलं होतं; वाचलेला वेळ कोणाच्या हातात जाईल हे विचारलं नव्हतं.

हजेरी सुधारली म्हणून फाईल खाली ठेवणार नाही. पहिल्या सत्रात हजेरीपटानं इमारतीत असलेल्या मुलीला गैरहजर दाखवलं, दुसऱ्यात मनानं दमून बसलेल्या मुलीला हजर. दोन्ही वेळा मी त्याच कागदावर भिस्त ठेवली.

तीन दिवसांचं वेळापत्रक सगळ्यांसाठी वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. त्यानंतर नोकरी करून शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला मीच ते सुचवलं. त्याचे मित्र कामाच्या जागी होते, घरी अभ्यासाला दार लावता येणारी खोली होती. त्याचं उत्तम चाललं आहे. आणि जिथे तुकडी निवडायची मुभाच नाही, तिथे मोकळा तास बनवता येणार नाही. तिथे असलेल्याच मोकळ्या तासात कोण कोण एकटं बसतं, हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागेल. ते काम कार्यालयातल्या याद्या घेऊन एका दुपारी होतं. मला तेवढंच लागलं होतं.

स्वागताच्या कार्यक्रमात एक बदल झाला आहे. वर्गाचा फोन-ग्रुप आता कार्यक्रमाच्या सुरुवातीला, सगळे बसलेले असताना करतात. आणि प्रकल्पाच्या अर्जावर मी एक नवा रकाना घालून घेतला: "परतीची तुमची सोयीची शेवटची गाडी कधी?" मुलं तो भरतात. गेल्या सत्रात एका गटानं त्यात पाच वेगवेगळ्या वेळा लिहिल्या आणि खाली शिक्षकांनी बैठकीची वेळ टाकली होती: संध्याकाळी साडेपाच.